तिकडं दिसतंय का?

श्रीधर गेल्याचा फोन त्याच्याच नंबरवरून आला. स्क्रीनवर त्याचं नाव होतं, आवाज मात्र हवालदाराचा... मारुंजीच्या वळणावर टेम्पोनं त्याच्या बाइकला उडवलं होतं. त्याला आता दीडेक महिना होईल.

मारुंजीतल्या एका खोलीत आम्ही काही वर्षं एकत्र राहिलो. तो जालन्याचा, हिंजवडीत वेबसाइट बनवायचा; मी एका कॉलेजात ग्रंथपाल. रविवारी आम्ही जवळच्याच माले गावातले जुने फोटो जमवून त्यांची साइट करत होतो. फोटो तो स्कॅन करायचा, खालच्या ओळी मी लिहायचो. "ग्रंथपाल, आटपतं घ्या," तो म्हणायचा, "लोक फोटो बघायला येणार आहेत."

साइट सुरू करायच्या दिवशी मालेच्या शाळेत गाव जमलं. गावातल्या हिराबाईंची मुलगी तिकडे सुरतेत नेट कॅफेत बसली होती. तिच्या वडिलांचा एकच फोटो, तोही आईच्या पेटीत; लग्नानंतर तिनं तो पाहिला नव्हता. श्रीधरनं साइट उघडली. माझ्या ओळी सगळ्या आल्या, फोटोंच्या जागी रिकामे चौकोन.

"नावं हायेत, पन मानसं कुटं गेली रं?" हिराबाई म्हणाल्या.

"इंजिनेरानं फोटू घरीच ठिवलं जनू!" मागून कोणीतरी. हशा झाला.

झालं होतं ते जवळपास तसंच. आपल्या लॅपटॉपवर काम चालू असताना फ्रेमवर्क, म्हणजे साइट ज्यावर उभी करतात तो तयार सांगाडा, आपणहून फोटो उचलून दाखवतं. साइट जिथून सगळ्यांना दिसते त्या खऱ्या सर्व्हरवर ती सोय नसते. तिथं फोटो वेगळे नेऊन ठेवावे लागतात, ते कुठं आहेत हे सांगावं लागतं. श्रीधर नेमका तेच विसरला होता.

"तुमच्या लॅपटॉपवर दिसतात ना? तेच दाखवा," गुरुजी म्हणाले.

"इथल्यांना दिसतील, गुरुजी. सुरतेला नाही."

तो कामाला बसला. नेटची लाइन सारखी तुटत होती. लोक उठून गेले, हिराबाई बसून राहिल्या. शेवटी त्यानं फोन लावून त्यांच्या हातात दिला. "विचारा, तिकडं दिसतंय का?"

हिराबाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "व्हय गं... टोपी तिरकीच घालायचे."

तेव्हापासून लांबचं कोणी "दिसतंय" म्हणेपर्यंत श्रीधर काम झालं म्हणत नसे. बहुतेक वेळा तो फोन मला, ग्रंथालयात यायचा.

साइटसाठी म्हणून त्याच्या घरच्यांनी लॅपटॉप माझ्याकडेच ठेवला. परवा तो उघडला. शेवटच्या रविवारचे फोटो त्यातल्या साइटवर दिसत होते, पण फक्त त्यातच; सर्व्हरवर ते गेलेच नव्हते. एकात तो स्वतः आहे, कासारसाईच्या धरणावर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून हसतोय. त्याच्या आईकडे त्याचा फोटो आहे तो कॉलेजातला. त्यानं शिकवलं होतं तसं, अडखळत, मी तो सर्व्हरवर ठेवला आणि जालन्याला फोन केला. आई शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरपुढे बसल्या होत्या.

"मावशी, तिकडं दिसतंय का?"

पलीकडे खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

"दिसायलाय," त्या म्हणाल्या. "लई वाळलाय की रे..."