काट्यावरची लोकर

प्रियंका जन्मली ती मेंढरांच्या तळावर, सांगोल्याकडच्या माळावर. तिची आई तानाबाई सांगती, पोरीच्या नाकाला पयला वास लागला तो कोकराचा. तळ हलला की घोड्याच्या एका अंगाला भांडी, दुसऱ्या अंगाला कोकरं आनि मधी ही. अशी पोर सोलापूरला वसतिगृहात राहिली, शिकली, आनि आता तितंच विद्यापीठात रसायन शिकवती. बाटल्या, नळ्या, पांढरा कोट. पर सुट्टीला घरी आली की ओढनी कमरेला खोचती आनि मेंढरात शिरती. त्या वासाला तिनं कधी नाक मुरडलं न्हाय.

घरात मागली दोनतीन वरसं एक घोर लागला व्हता. मेंढ्या गाभडायच्या. चांगली भरलेली मेंढी, आन सकाळी बघावं तर पोट रिकामं. तिचा बाप बिरुदेव म्हनायचा, नजर लागली कुनाची. येडू, म्हनजी तिचा थोरला चुलता, ज्याला ती तात्या म्हनती, त्याचं म्हननं, पाला खराब निघतोय. प्रियंकाच्या मनात तिसरंच व्हतं. माळाच्या कडंनं आता जिकडं बघावं तिकडं डाळिंबाच्या बागा. बागंवर औषध फवारत्यात, वारं सुटलं की ते मेंढरांवर येतं. लोकरीत बसत असंल का ते? तपासलं तर कळंल. पर तपासायचं यंत्र मोठ्या शहरात, त्याला खर्च, आनि मेंढरांच्या लोकरीसाठी खर्च करतंय कोन?

मग तिला कळलं, विद्यापीठात एक बारकी ग्रँट मिळती. लई मोठी न्हवं, कामाला नुसती सुरुवात करून देनारी, वरसभराची. अट येवढीच की दोन येगळ्या विषयांची मानसं जोडीनं यायला पायजेत, आनि त्यातलं एक परदेशातलं पायजे.

प्रियंकानं जोडीदारीन शोधली ती थेट बोलिव्हियात. मारिसोल तिचं नाव. तितं डोंगरात लांब मानेची जनावरं राखत्यात, लामा म्हनत्यात त्यांना, त्यांचीबी लोकर निघती. ही मारिसोल त्या राखनाऱ्यांच्या वाटा लिहून घेती. कुटून निघाले, कुटं थांबले, का थांबले. कम्प्युटरवर बोलता बोलता दोघींचं असं जमलं की एकीला अर्धं सांगावं लागायचं न्हाय.

निवडनाऱ्या सायबांपैकी एकजन हसला. म्हनला, "मॅडम, लोकर तपासायची तर तपासा. त्यात या वाटांच्या गप्पा कशाला?"

प्रियंका म्हनली, "सर, लोकरीत काय आहे ते मी सांगेन. ते कुठं लागलं, हे मला कोण सांगणार?"

सायबानं कागद पुढं वढून सही केली. ग्रँट मिळाली.

तिनं घरी फोन लावला. "आये, दिवाळी झाल्यावर पाहुनी येनार हाय. आठवडाभर राहील. ती आली की मेंढरं कातरायची. तवर कातरनी थांबवा."

"येऊ दे की," तानाबाई म्हनली. "काय खाती ती?"

"समदं खाती."

येवढंच बोलनं झालं. आता मेंढरं राखनाऱ्यांची रीत अशी, की कातरनीच्या आधी मेंढरं धुवायची. वड्यात घालायची, हातानं चोळायची, वाळू द्यायची, मगच कातर लावायची. मळक्या लोकरीवर कातर चालत न्हाय, आनि मळकी लोकर घेतबी न्हाय कोनी. प्रियंकाला हे ठावं न्हवतं असं न्हाय. लहानपनी तीच कोकरं धरून उभी राहायची पान्यात. पर प्रयोगशाळेत इतकी वरसं गेली, तिच्या डोक्यात कातरनी म्हनजी नुसती कातर राहिली. धुवू नका, हे सांगायचं राहूनच गेलं.

आनि हितं तर पाहुनी साता समुद्रापलीकडची. घरानं कंबर कसली. समदा कळप वड्यात घातला. बिरुदेव छातीयेवढ्या पान्यात, तात्या काठावर, तानाबाई रिठा चोळतीय. वाळल्यावर एकेकाच्या पाठीवर गेरूचा पट्टा वढला.

दोघी सोलापुरास्नं गाडीनं आल्या तवा उन्हं कलली व्हती. समोर कळप उभा, कापसावानी फुललेला. तानाबाई पदरानं हात पुसत पुढं आली.

"कशी दिसत्यात?" म्हनली.

प्रियंकानं जवळच्या मेंढीच्या लोकरीत बोटं घातली. सहा म्हैन्यांचा फवारा, धूळ, जे काय व्हतं ते वड्यात व्हाऊन गेलेलं. परत लोकर वाढायची तर ग्रँटचं वरीस सरनार. एखादी असती तर आईवर खेकसली असती. हिनं आईच्या हाताकडं बघितलं, पान्यात राहून बोटं सुरकुतलेली.

"लई गोजिरी दिसत्यात आये," ती म्हनली. "येवढ्यांना कवा धुतलं तुमी?"

मग मागं जाऊन मारिसोलला इंग्रजीतनं खरं ते सांगितलं. चूक माझी, म्हनली. मारिसोल दगडावर बसली. म्हनली, आमच्याकडच्या लामा राखनाऱ्या बाईनंबी हेच केलं असतं.

पर आईला लेकीचं तोंड वाचता येतं. जेवताना तानाबाईनं इचारलं, आनि प्रियंकाला सांगावं लागलं.  तात्यानं भाकरी खाली ठेवली.

बिरुदेव म्हनला, "आपला बिरोबाचा मेंढा हाय की. त्याला पानी लावलं न्हाय."

बिरोबाच्या नावानं सोडलेला मेंढा तो. त्याला कातर न्हाय, धुनं न्हाय, फिरंल तितं फिरावा. तानाबाई नवऱ्याकडं बघतच राहिली.

"येड लागलं का तुमाला?"

"पोरीचं काम अडलंय."

"न्हाय आबा," प्रियंका म्हनली. "माझ्या कामासाठी देवाच्या मेंढ्याला कातर लावायची न्हाय. काम गेलं तर जाऊ दे."

शिकलेली पोर, तिचा इश्वास किती आनि किती न्हाय हे तिचं तिला ठावं. पर आईबापाच्या मनाला चरा पडू द्यायचा न्हाय, हे पक्कं.

दुसऱ्या दिवशी मारिसोल म्हनली, माझं काम तरी करू. तात्याला पुढं घालून ती वाट चालायला निघाली. प्रियंका मधी, इकडचं तिकडं सांगायला. तात्याचं तोंड सुटलं. हितं दुपारचं थांबतो, हितं पानी पाजतो, या बागंच्या कुंपनाला मेंढरं अंग घासत्यात.

"आनि मालक आमच्या नावानं बोंबलतो," तात्या म्हनला. "कुंपन झिजवत्यात म्हनं. मेंढरं हायती का कानस?"

प्रियंका हसता हसता थांबली. बाभळीच्या काट्यांचं कुंपन, आनि काट्याकाट्यावर लोकरीचे पुंजके. काळे, पांढरे, मळके. न धुतलेले.

तिनं एक पुंजका चिमट्यानं काढला. बागेजवळची लोकर बागेजवळच, माळावरची माळावर. कातरलेल्या ढिगात हे कळलंच नसतं. तात्या जागा सांगायचा, मारिसोल लिहायची, प्रियंका पुंजका काढून बरनीत घालायची. पुढल्या कुंपनावर एक लांब, राठ झुपका व्हता. तात्या म्हनला, "हा आपल्या देवाच्या मेंढ्याचा."

घरी तानाबाईला दाखवला. ती म्हनली, "बघ. कातर न लावता दिला त्यानं."

तपासनी झाली. बागेजवळच्या लोकरीत औषध निघालं, माळावरच्या लोकरीत न्हाय. बिरुदेव लगेच काठी घेऊन मालकाकडं निघाला, तर प्रियंकानं अडवला. "आबा, औषध हाय येवढंच कळलंय. मेंढ्या त्यानंच गाभडत्यात हे अजून मला म्हनता येत न्हाय." दुसरी आपल्या घरच्या बाजूनं बोलून मोकळी झाली असती. ही न्हाय बोलली. सोता मालकाकडं गेली, त्याच्या वसरीवर बसून समदं समजावलं. तोबी मानूस हाय की. आता फवारायच्या दिवशी तो कुंपनाला लाल फडकं बांधतो, आनि तात्या ते बघून मेंढरं लांबनं नेतो. मारिसोलनं परत जाताना तात्याच्या वाटंचं चित्र काढून दिलं व्हतं, ते घरात भित्तीला लावलंय.

दोघींनी आता मोठ्या ग्रँटला अर्ज केलाय, गाभडायचं खरं कारन शोधायला. औंदा कातरनी जवळ आली तवा तानाबाईचा फोन आला. प्रियंका वर्गावर निघाली व्हती.

"बाय, आदी सांग," तानाबाई म्हनली, "औंदा धुवू का न्हाय?"

"निम्मी धू आये," प्रियंका म्हनली. "निम्मी मला मळकी ठेव."