शिवांजलीच्या बदल्या

फौजी वसाहतीत एक रीत असते. नवं कुटुंब आलं, की पहिल्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटू द्यायची नाही. ट्रंका उघडून भांडीकुंडी लागेपर्यंत जेवण शेजारच्या क्वार्टरातून येतं. हवालदार धैर्यशील जगदाळ्यांच्या शिवांजलीने अर्धा भारत असा ताटातूनच पाहिला. राजस्थानात बाजरीची रोटी आणि लसणाची चटणी. आसामात टोमॅटो घातलेला आंबट मासा. साताऱ्याकडची ही पोर पहिल्या दिवशी नुसती काटे चिवडत बसली आणि आठवड्याभरात मागून खायला लागली. पंजाबात कढी-चावल.

जिथे जाईल तिथली होऊन जायची. ईदला शेजारच्या चाचींकडे शेवया खायला सगळ्यांच्या आधी हजर. आसामात मृदुस्मिताबरोबर बिहू नाचायची, पंजाबात हरनूरच्या मागे डोक्यावर ओढणी घेऊन लंगरात रोट्या वाढायची. सुट्टीत गावी गेली, की आजी तानूबाई तिच्या तोंडाकडे बघत सुनेला म्हणायच्या, "मृणाल, ही पोर आपली, का त्यांची?" मृणालची छाती फुगायची. "सगळ्यांची आहे, आत्याबाई!" एवढा देश कुणाच्या पोरांना बघायला मिळतो, असं तिला खरंच वाटायचं.

मग धैर्यशीलची बदली पार वर, सीमेवर झाली. तिथे बायकामुलांना नेता येत नाही. मायलेकींना दिल्ली कॅंटात क्वार्टर मिळालं, तेही ठराविक मुदतीचं. पहिल्याच दिवशी समोरच्या नेगी भाभींनी डबा पाठवला. त्या गढवालच्या; डब्यात मंडुव्याची रोटी, म्हणजे आपली नाचणीचीच, आणि पालकाची भाजी.

शिवांजलीने झाकणसुद्धा उघडलं नाही. "मला मॅगी कर."

"अगं, बघ तरी काय आहे."

"बघून काय करायचंय?"

संध्याकाळी नेगी भाभींची हिमानी दारात आली. "खेलने चलेगी?"

"तेरे पापा की पोस्टिंग कब है?" शिवांजलीने विचारलं.

"मार्च में, शायद."

"तो फिर रहने दे." आणि दार लोटलं. आवाजात राग नव्हता. भाजीवाल्याला आज नको म्हणावं, तसं.

मृणालने तिला फैलावर घेतलं. शिवांजली ऐकून घेत राहिली आणि मग म्हणाली, "हरनूर आता फोन घेत नाही. तिला दुसरी मैत्रीण मिळाली. आपल्याच क्वार्टरात आलीये ती. माझ्याच खोलीत झोपते."

"असू दे. मृदुस्मिता आहे की."

"ती आली होती परवा व्हिडिओ कॉलवर. असमियामध्ये बोलत होती. मला कळलंच नाही, मम्मा. सगळं विसरले मी. आम्ही दोघी नुसत्या हसलो. मग तिने ठेवला."

त्या दिवशी मृणालला पहिल्यांदा कळलं, की आपण जे कौतुकाने मोजत होतो ते पोरीच्या हिशेबी एकेक करून हातातून जात होतं. तिने मनाशी ठरवलं, हिला एक तरी मैत्रीण अशी मिळवून द्यायची जी कुठे जाणार नाही.

करोल बागेत कापडाच्या दुकानात मागून आवाज आला, "श्रावस्ती, हात नको लावू त्याला, मळेल!" मराठी ऐकून मृणाल वळलीच. दीपमाला अमरावतीकडच्या, नवरा सुखदेव केंद्राच्या एका मंत्रालयात, मयूर विहारमध्ये स्वतःचा फ्लॅट. मुलगी शिवांजलीच्याच वयाची, जन्म दिल्लीचा. "या ना रविवारी," दीपमाला म्हणाल्या. मृणाल गेलीच.

लिफ्टमध्ये शिवांजलीने विचारलं, "यांची बदली?"

"घर त्यांचं स्वतःचं आहे."

"म्हणजे जाणारच नाहीत?"

"कुठे जातील?"

हॉलमध्ये बुद्धांची मूर्ती होती, वर बाबासाहेबांचा फोटो. "जयभीम," श्रावस्ती म्हणाली. शिवांजलीने आईकडे पाहिलं, मग इकडेतिकडे. "तुमचं देवघर कुठंय?"

मृणालला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दीपमाला मात्र हसल्या. "विचारू द्या हो. नाहीतर लोक न विचारताच मनात काय काय ठरवून मोकळे होतात."

"हमारे यहाँ भगवान नहीं होते, यार," श्रावस्ती म्हणाली. "बुद्ध आहेत. वंदना असते, पांढरे कपडे घालून. तू बसशील?"

शिवांजली बसली. दुपारी पाटवडीच्या रश्श्याने डोळ्यांतून पाणी आलं तरी तिने दुसरी वाटी घेतली. "बिल्कुल तिखट नाहीये," म्हणाली, आणि श्रावस्ती लोळून लोळून हसली. परतीच्या मेट्रोत पोरगी कॅंट येईपर्यंत बोलत होती. इतक्या महिन्यांत तेवढी बोललीच नव्हती.

मग दर रविवार मयूर विहारचा झाला. वंदना पाठ झाली. एप्रिलात बाबासाहेबांच्या जयंतीला दोघी निळे फेटे बांधून मिरवणुकीत चालणार होत्या. त्याच्या गप्पा डिसेंबरातच सुरू झाल्या.

एका दुपारी धैर्यशीलचा फोन आला. रेंज धड नसायची, म्हणून मृणालने स्पीकर लावला. शिवांजली ओट्याशी बसून मटार सोलत होती.

"क्वार्टरची मुदत वाढत नाहीये. फेब्रुवारीअखेर सोडावं लागेल. तुम्ही गावी जा."

"अहो, तिची शाळा? आणि आता कुठे ती..."

"मी इथून काय करू, मृणाल? सांग ना, काय करू?" फोन तुटला.

मटाराच्या शेंगा फुटायचा आवाज थांबला नव्हता. "अजून काही नक्की नाही हं, बाळा," मृणाल म्हणाली.

"नक्कीच असतं," शिवांजली म्हणाली.

रविवारी मृणाल साडी नेसून तयार झाली. पोर घरच्या कपड्यांत बसून होती.

"चल ना. अजून जानेवारी आहे, फेब्रुवारी आहे. कितीतरी रविवार आहेत."

"नको. अजून सवय लागेल."

तेवढ्यात फोन वाजला. श्रावस्ती. "आंटी, शिवांजली निकली क्या? फेट्याचं कापड आलंय. तिला सांगा, माझ्यापेक्षा तिचा मोठा आहे!"

शिवांजली समोर उभी राहून मान हलवत होती. नाही. नाही.

"तिला जरा ताप आलाय गं," मृणाल म्हणाली.

"मग आम्हीच येतो ना! मम्मी, चल, शिवांजलीला ताप आलाय..."

"नको, नको येऊ, बेटा. झोपलीये ती."

मृणालने फोन ठेवला. पोरीने आता भोकाड पसरावं, पाय आपटावेत, बापाला, सरकारला, कुणाला तरी बोल लावावा, असं तिला वाटलं. तिने पोरीला जवळ ओढलं. शिवांजली आली, पण अंग लाकडासारखं ताठ.

"तिला वाईट वाटेल गं," मृणाल म्हणाली.

"वाटेल थोडे दिवस," शिवांजली म्हणाली. "मग नाही वाटत."