ईश्वरीबाईंचे पाण्यातले बूट

ईश्वरीबाई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी पायांकडे. वर्गात शिरल्या की त्यांची नजर पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत जमिनीलगत फिरत यायची आणि मगच वर चढायची. आम्हा मुलींना वाटायचं, बाईंचं काहीतरी हरवलंय. माझ्या शेजारी बसणारी निर्मला महाआगाऊ. तिनं एकदा उभं राहून विचारलंच, "बाई, काही पडलंय का?" बाई हसल्या. म्हणाल्या, "नाही, अजून नाही पडलं. पडू नये म्हणून बघते."

आमच्या अंबरनाथच्या मुलींच्या शाळेत त्या हिंदी शिकवायला आल्या, तेव्हा फाळणीला काही वर्षं झाली होती. बाई सिंधमधल्या, मोठ्या नदीकाठच्या गावातल्या. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात, लष्करानं सोडलेल्या एका बराकीत, भावाबरोबर राहायच्या. मध्ये गोणपाटाचा पडदा आणि पलीकडे दुसरं बिऱ्हाड. तिथून रोज चालत शाळेत यायच्या. उंच, हाडकुळ्या, डोक्यावर पांढरी ओढणी आणि चाल अशी की ओढणीचं टोकसुद्धा हलू नये. मराठी त्यांनी आम्हा मुलींकडूनच उचललं. आता आम्हीच काय दिवे लावत होतो, तर त्यांना चांगलं मराठी कुठून मिळणार! पण बोलायला त्या कधी लाजल्या नाहीत.

आता माझ्या पायाचं सांगते, कारण बाईंचं सगळं तिथूनच सुरू होतं. लहानपणी मोठा ताप आला आणि त्यात माझा डावा पाय गेला. गेला म्हणजे राहिला जागेवरच, फक्त वाढायचा थांबला. उजवा पाय वयाबरोबर वाढत गेला आणि डावा मागे राहिला. लंगडत का होईना, चालता यायचं. पण डाव्या पायात चप्पल म्हणून टिकायची नाही. आई कापडाची पट्टी गुंडाळून बांधून द्यायची, ती शाळेच्या फाटकापर्यंत यायची आणि सुटायची.

शाळेची सहल दर वर्षी पाण्यावरच. कधी बदलापूरला उल्हास नदीवर, कधी खरवईच्या पुढं डोंगरातल्या ओढ्यावर. आणि नदीत पायताण घालून जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. नदी म्हणजे आई, तिच्या अंगावर जोडे घालून कोण चढेल? त्यामुळे सगळ्या मुली काठावर चपला काढायच्या. मग चपला राखायला कुणीतरी हवं. ते कुणीतरी म्हणजे मी. "कुमुदला नाहीतरी शेवाळावर उभं राहता येत नाही," असं म्हणून मला सावलीतल्या खडकावर बसवायचे. समोर मुली पाण्यात किंचाळतायत, एकमेकींना भिजवतायत, आणि मी कुत्री हाकलतेय. राग यायचा का? यायचा की! चांगलाच यायचा. एका वर्षी मी निर्मलाच्या चपलांत वाळू आणि खडे ठासून भरले होते, आणि ते मी झकास केलं असं माझं अजूनही मत आहे. मला नदी हवी होती. निदान घोट्यापर्यंत, निदान एकदा.

बाई आल्या त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीतली सहल ठरली. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, कामं वाटत होत्या. पोहे कुणी आणायचे, पातेलं कुणी, आणि शेवटी नेहमीचं, "चपलांपाशी कुमुद."

ईश्वरीबाई कोपऱ्यातून उठल्या. "चपलांपाशी का?"

"अहो, राखायला नको का कुणी?"

"कशाला राखायच्या? चपला तर पाण्यात येणार."

वर्गात असा काही गलका झाला की शेजारच्या वर्गातून शिपाईणबाई बघायला आल्या. बाई शांतपणे उभ्या होत्या. गलका ओसरल्यावर म्हणाल्या, "पाण्यात दगड आहे, काच आहे, शेवाळ आहे. रस्त्यावर बूट घालता आणि तिकडे उघडे पाय? उलटं आहे, साईं, एकदम उलटं आहे." आणि मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "ह्या वेळी काठावर कोणी बसणार नाही." मला तर घाम फुटला.

त्यानंतर शाळेत पायताणांची परीक्षा झाली. एकेकीनं घरातलं जे असेल ते घालून यायचं आणि बाईंच्या समोर पाय हवेत झाडायचा. उडालं की नापास. चामड्याच्या चपला सरसकट नापास. बाई म्हणायच्या, "ही ओली झाली की साबण." निर्मला मखमली सपाता मिरवत आली. त्यांवर कलाबतूची फुलं होती. बाईंनी त्या हातात घेऊन कौतुकानं पाहिल्या आणि परत दिल्या. "सुंदर आहे. ही लग्नात घाल. नवऱ्याला दाखव, नदीला नको दाखवू." पास झाले ते फक्त नाडीचे कॅनव्हासचे बूट. कुणी भावाचे कवायतीचे आणले, कुणी मामेबहिणीचे. तळवा झिजून गुळगुळीत झाला असेल तर बाई त्यावर सुंभाची दोरी आडवी-उभी गुंडाळायला लावायच्या, शेवाळावर पकड यावी म्हणून. मग स्वतः दाभण घेऊन बुटाच्या बाजूला भोकं पाडायच्या. मुली हळहळायच्या, चांगला बूट! बाई म्हणायच्या, "पाणी आत येणारच. येऊ दे. पण त्याला जायला दरवाजा ठेव. पाहुणा आहे तो, राहायला नाही आला."

आणि वर गृहपाठ. बूट भिजवून संध्याकाळी घरात घालून फिरायचं, म्हणजे कुठं चावतो ते आधीच कळतं. त्या आठवड्यात अंबरनाथच्या कितीतरी घरांत सारवलेल्या जमिनीवर ओल्या बुटांचे ठसे उमटले आणि कितीतरी आयांनी बाईंच्या नावानं बोटं मोडली.

आमच्या घरी आईनं नाही, आत्यानं मोडली. माझी ही आत्या विधवा, आमच्याकडेच असायची, आणि घरातला शेवटचा शब्द तिचा. "नदीत जोडे? शिव शिव! ती बाई सिंधी असेल नाहीतर आणखी कुणी, आपल्या घरात हे थेर चालायचे नाहीत. कुमुद सहलीला जायची नाही, झालं!" मी रडून गोंधळ घातला, जेवले नाही, पण आत्या कसली ऐकते!

कुणी सांगितलं कोण जाणे, पण त्या रविवारी ईश्वरीबाई आमच्या ओटीवर हजर. हातात एक धुतलेली कापडी पिशवी. आत्यानं त्यांना बसा म्हटलं, पण तेही असं की कुणीही उठून जावं. बाई मांडी घालून ऐसपैस बसल्या.

"आत्याबाई, आमचा देव तर पाण्यातच राहतो," त्या म्हणाल्या. "माशावर बसतो. मी त्याच्या घरी घाण जोडे घेऊन जाईन का?"

बाईंनी पिशवीतून स्वतःचे जुने बूट काढले. पांढरे, खडूसारखे स्वच्छ. "ह्यांनी रस्ता पाहिलाच नाही कधी. घरातून निघाले की पिशवीत, काठावर पायात, पाण्यातून बाहेर आले की परत पिशवीत. तुमचं सोवळं असतं ना, वर दांडीवर वेगळं? कोणी हात नाही लावायचा? तसं हे नदीचं सोवळं."

आत्याची नजर आपोआप दांडीकडे गेली. तिथं तिचं सोवळं वाळत होतं. ती बराच वेळ त्याच्याकडे आणि बुटांकडे आळीपाळीनं बघत राहिली. मग पुटपुटली, "सोवळ्याचे जोडे! काय काय ऐकावं लागतंय या वयात!" आणि उठून आत गेली. मला वाटलं, संपलं. पण आतून तिचा आवाज आला, "वहिनी, चहा टाका त्यांना. आणि कुमुदच्या बुटांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, सांगून ठेवते."

आता बूट होते कुठं? दुसऱ्या दिवशी बाई मला कॅम्पात घेऊन गेल्या. बराकीच्या एका टोकाला एका सिंधी दुकानदारानं बुटांचं दुकान मांडलं होतं. बाईंनी माझे दोन्ही पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन वितीनं मोजले. भर दुकानात माझा तो वाळका पाय मांडीवर! मी ओढायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे बेटी. पाय आहे, चोरीचा माल नाही." मग दुकानदाराला उजव्या पायाला मोठा आणि डाव्याला लहान बूट काढायला सांगितला.

तो कपाळाला हात लावून म्हणाला, "अदी, दो जोडी तोडूंगा? बाकी का क्या करूंगा मैं?" अदी म्हणजे सिंधीत ताई.

"बाकी का मैं पहनूंगी," बाई म्हणाल्या आणि दोन्ही जोड घेऊन टाकले. मला वाटलं, त्याला गप्प करायला म्हणाल्या असतील. मग दुकानदाराचाच दाभण मागून तिथंच माझ्या बुटांना भोकं पाडली आणि तळव्यांवर सुंभाची दोरी गुंडाळली.

सहलीच्या दिवशी बदलापूरपासून बैलगाडीत सामान आणि मी, बाकीच्या मुली चालत. खरवईच्या पुढं ओढ्याशी पोचलो. वरच्या खोल डोहाकडे बाईंनी फिरकूसुद्धा दिलं नाही, खाली जिथं पाणी गुडघाभर पसरतं तिथं नेलं. मुली बूट घालायला लागल्या तसा गाडीवान हसत सुटला, "बूटं घालून पान्यान? ह्या काय नवीन!" बाईंनी पदरगाठीतून, म्हणजे ओढणीच्या गाठीतून, मूठभर तांदूळ आणि साखर काढली, पाण्यात सोडली, हात जोडले आणि मग खडकावर बसून आपली पिशवी उघडली.

त्या पिशवीतून त्या दिवशी ते जुने बूट निघालेच नाहीत. निघाले माझ्या जोडांतले उरलेले दोन. एक मोठा, एक लहान. लहान बुटाचं टोक कापून टाकलं होतं आणि बाईंच्या उजव्या पायाची पाचही बोटं बाहेर डोकावत होती. मुली हसून हसून लोळल्या. "हसा, हसा," बाई नाडी बांधत म्हणाल्या, "मी पाण्याला मोठा दरवाजा ठेवलाय." मीही हसले. हसता हसता माझं लक्ष माझ्या बुटांकडे गेलं आणि मग मला हसता येईना. घरी ते पांढरे, चांगले बूट असताना ही बाई सगळ्या शाळेदेखत विजोड पायांनी का उभी राहिली, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सगळ्यांच्या नजरा त्यांच्या पायांवर होत्या. माझ्या पायांकडे कुणी बघतच नव्हतं.

त्यांनी माझ्या नाडीला दुहेरी गाठ मारली, हात धरला आणि आम्ही दोघी पाण्यात शिरलो. काय सांगू तुम्हाला! गार पाणी बुटात घुसलं, बोटांमधून फिरलं आणि भोकांतून निघून गेलं. सुंभाची दोरी दगडाला धरून राहिली. माझा डावा पाय, ज्यानं मला आयुष्यभर दगा दिला, तो वाहत्या पाण्यात उभा राहिला. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण गाडीचे बैल बुजले एवढं खरं.

जरा वेळानं शेजारी धपकन आवाज झाला. निर्मलाबाईंनी सगळ्यांचा डोळा चुकवून बूट बदलून मखमली सपाता चढवल्या होत्या! एक सपात पायातून निसटून वाहत चालली आणि ती "माझी सपात, माझी सपात" करत खालच्या अंगाच्या खोल पाण्याकडे तिच्या मागं. "सोड! जाऊ दे तिला!" बाईंचा तसा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. निर्मला माझ्याजवळून जात होती, मी तिची वेणी धरली आणि आम्ही दोघी मटकन पाण्यात बसलो. मुली पुन्हा हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

पोहे खाताना त्यांनी सांगितलं, एकदाच, आणि पुन्हा कधीच नाही. त्यांच्या गावी नदीतल्या बेटावर देऊळ होतं. सणाला सगळं घर नावेनं तिकडे गेलं होतं. धाकट्या बहिणीच्या पायात नवी जरीची मोजडी. पायरीवरून उतरताना ती पाण्यात पडली. "मोजडी पडली, बहीण नाही," बाई म्हणाल्या. "बहीण तर तिला धरायला गेली." त्यांनी हातातला द्रोण खाली ठेवला. "म्हणून सांगते. पायात नीट बांध. आणि बांधूनही गेलं, तर जाऊ दे. बूट दुसरा येतो." निर्मला हमसून हमसून रडायला लागली. बाईंनी तिला जवळ घेतलं आणि स्वतःच्या द्रोणातले पोहे भरवले.

पुढं दर दिवाळीला सहल गेली आणि मी काठावर कधीच बसले नाही. मी मॅट्रिक झाले, त्याच शाळेत शिकवायला लागले. बाई कॅम्पातून येत राहिल्या, पाय बघत राहिल्या. मग छातीचं दुखणं लागलं आणि एका हिवाळ्यात गेल्या. त्यांनी मला काय दिलं याची यादी करत बसणार नाही. मला नदी दिली, बास.

त्यांच्या भावानं अस्थी बदलापूरला उल्हास नदीत सोडायचं ठरवलं. "तिची नदी तर तिकडे राहिली," तो म्हणाला, "पण ती हिलाही आपलीच म्हणायची." शाळेतल्या सगळ्या जमल्या. घाटावर प्रत्येकीनं रीतीप्रमाणे चपला काढल्या. निर्मलाचं तेव्हा लग्न झालं होतं, कडेवर मूल होतं. ती मायेनंच म्हणाली, "कुमुद, खाली निसरडं आहे गं. तू बैस इथं चपलांपाशी."

मी पिशवी उघडली आणि माझे नदीचे बूट काढले, एक मोठा, एक लहान. ते बघून निर्मलाचा चेहरा कसनुसा झाला. तिनं मूल दुसरीकडे दिलं, माझ्या पायांशी बसली आणि डाव्या बुटाच्या नाडीला दुहेरी गाठ मारली. भावानं माझ्या ओंजळीत तांदूळ आणि साखर घातली. आम्ही खाली उतरलो. पाणी बुटात आलं आणि भोकांतून निघून गेलं. मागं वळून पाहिलं तर काठावर चपलांचा हा एवढा ढीग पडला होता आणि राखायला कुणीही बसलेलं नव्हतं.