कोयनेकडची दुसरी वाट

कोयनानगरला जमीन हलली की माणसं आधी घराबाहेर येतात आणि लगेच फोन लावतात. भिंतीला भेग गेली का, मांडणीवरची भांडी पडली का, हे नंतर. आधी लोणंदच्या लेकीला, पुण्याच्या पोराला, मुंबईच्या जावयाला फोन. "हललं. आमी बरं हाय," एवढंच बोलायचं आणि ठेवायचं, कारण अजून चार ठिकाणी सांगायचं असतं. माझे वडील धरणाच्या प्रकल्पात नोकरीला होते. ते होते तोवर हा फोन त्यांचा असायचा, आणि धक्का आडवा होता की उभा यावर ते भाषण ठोकायचे. ते गेल्यावर आई फोन करू लागली. तिला भाषणाला वेळ नसायचा. तव्यावर भाकरी असायची.

निवृत्तीनंतर कॉलनीतलं क्वार्टर सुटलं तेव्हा वडिलांनी तिथंच जवळ दोन खोल्यांचं पत्र्याचं घर बांधलं होतं. त्या घरात आई एकटी राहिली. मी सांगलीला एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. थोरल्या बहिणीला, ताईला, लोणंदला दिलेली. आईनं आता तिथं राहू नये असं ताईचं म्हणणं होतं. मी आईच्या बाजूचा. खरं तर आईला कुणाच्या बाजूची गरजच नव्हती. "तुमच्या सांगलीत घरात पाणी येतंय. आमच्यात नुसतं हलतंय," असं म्हणून ती विषय संपवायची. वर हसत सांगायची की ते पाणीही धरणातून आम्हीच सोडतो.

शेवटी तोड निघाली ती अशी. धक्का बसला की आईनं फोन करायचा. ज्या दिवशी तिचा फोन येणार नाही, त्या दिवशी घराला कुलूप आणि आई आमच्याकडं. आईनं मान्य केलं. ताईनं माझ्याकडं बघून विचारलं, "पर दर टायमाला लागंल का फोन?" त्या वेळी मी प्रकाशानं चालणाऱ्या फोन-इंटरनेटच्या जाळ्यांवर पीएचडी करत होतो. असल्या माणसाला असला प्रश्न विचारायचा म्हणजे काय. छाती पुढं काढून मी म्हणालो, लागेल. मी सांगतो ना.

माझा विषय सांगतो, फार डोकं खाणार नाही. एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणारं आपलं सगळं बोलणं, सगळे व्हिडिओ, सगळे व्यवहार जमिनीखालच्या केसासारख्या बारीक काचेच्या तारेतून प्रकाश होऊन जातात. पूर्वी त्या तारेतला प्रकाश ठरावीक मापाच्या कप्प्यांत वाटलेला असायचा. काम लहान असो की मोठं, कप्पा तेवढाच. नवं संशोधन म्हणतं, मापं ठरवूच नका. ज्याला जेवढी लागेल तेवढी पट्टी कापून द्या, गरज सरली की काढून घ्या. वर्गात हे सांगताना मी एसटी आणि वडापचं उदाहरण देतो. एसटीत एकाला एक सीट. वडापच्या जीपमध्ये बारक्याला बारकी जागा, जाड्याला रुंद, आणि तरीही ड्रायव्हर म्हणतो, सरका की जरा. पोरं हसतात. ज्यानं वडाप केलंय त्याला हा विषय निम्मा समजलेला असतो.

यात मी माझी भर घातली ती कोयनेची. धक्का बसल्यावर सगळं खोरं एकदम फोन लावतं. त्या क्षणी त्या खोऱ्याला प्रकाशाची रुंद पट्टी मिळावी, आणि एक तार तुटलीच तर बोलणं डोळ्याचं पातं लवायच्या आत दुसऱ्या वाटेनं वळावं, अशी पद्धत मी बसवत होतो. त्यातही काटकसर होती. प्रत्येक गावाला वेगळी राखीव वाट न देता दोन-तीन गावांत मिळून एक. काटकसरीला आमच्या विषयात फार मान आहे. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "अरे, कोयना कुठं मुख्य जाळ्यात येते? तिथं कोण बसलंय एवढं?" माझी आई बसली होती. ते मी बोललो नाही. म्हटलं, अभ्यासाला उदाहरण चांगलं आहे.

एका कंपनीनं अभ्यासापुरता नकाशा दिला. त्यात कोयनेला दोन वाटा होत्या. एक कराडहून पाटणमार्गे येणारी, ती निळी. दुसरी चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून येणारी, ती लाल. दोन्ही एकमेकींना कुठंही शिवत नव्हत्या. मी संगणकावर निळी वाट पुन्हा पुन्हा तोडली आणि दर वेळी लाल वाटेनं सगळा भार उचलला. ताई घरी आली की स्क्रीनकडं बघून म्हणायची, "बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात." मी चिडायचो. पण तिकडं धक्के बसत होते आणि आईचे फोन येत होते, त्यामुळं तिचंही पुढं काही चालत नव्हतं.

मग पावसाळा सरता सरता एका दुपारी मी प्रॅक्टिकल घेत होतो. एका विद्यार्थिनीनं मोबाईल बघून सांगितलं, "सर, कोयनेला झालाय." मी माझा फोन काढून टेबलावर ठेवला, आईचा येईल म्हणून. त्या वेळी मला जराही काळजी वाटली नव्हती. बराच वेळ गेला. मग मीच लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. शेजारणीला लावला, दुकानदाराला लावला, कॉलनीतल्या वडिलांच्या मित्राला लावला. नंबर वेगवेगळ्या कंपन्यांचे, आणि सगळीकडं तेच एक वाक्य. ताईचा फोन आला, "आला का रं?" म्हटलं, येईल, लोड असेल. आणि प्रॅक्टिकल तसंच टाकून मी गाडी काढली.

इस्लामपूर गेलं, कराड गेलं. एवढ्या रस्त्यात मी आईचा विचार कमी आणि जाळ्याचा जास्त केला. निळी तुटली असेल, समजू शकतो. पण लाल? दोन्ही एकदम कशा जातील? पाटणच्या अलीकडं अनोळखी नंबरावरून फोन आला. एक माणूस विचारत होता, "कोयनेच्या आजींचा ल्योक तुमीच न्हवं का? आवं, पाटणला सरकारी दवाखान्यात आनलंय त्यास्नी."

घडलं होतं ते असं. धक्क्यानं आमच्या घराला काहीही झालं नव्हतं. एक कपसुद्धा पडला नव्हता. आई अंगणात आली, तिनं मला फोन लावला, ताईला लावला, शेजारणीच्या फोनवरूनही लावून बघितला. कुठूनच लागेना. जमिनीला ती कधी भ्याली नाही, पण न लागलेल्या फोनला भ्याली. पोरगा घाबरेल, आणि लेक कुलूप घेऊन येईल. म्हणून ती रेंज शोधायला निघाली. पाटणकडं जाणारं एक वडाप मिळालं. पुढं एका वळणावर दरड कोसळून रस्त्यावर आली होती. पावसानं डोंगर भिजलेला, रस्ता रुंद करायला पायथा कापलेला, त्याला तेवढा धक्का पुरला. वडाप थांबलं, माणसं मागं फिरली. पण दरडीच्या पलीकडं अडकलेली माणसं मोबाईल कानाला लावून बोलत होती, ते आईला दिसलं. तिकडं फोन लागतोय म्हणून ती चिखलातून पलीकडं निघाली. पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. पलीकडच्याच माणसांनी तिला उचलून पाटणला नेलं.

मी खाटेपाशी गेलो तेव्हा तिच्या लुगड्याला चिखल वाळलेला होता. मला बघून ती म्हणाली, "तुला सांगायलाच निघाले हुते, मला काय झालं न्हाई म्हनून."

मी तिथं उभ्या उभ्या रडलो. बाजूच्या खाटेवरच्या बाईला वाटलं, म्हातारी गेली.

लाल वाटेचं काय झालं ते मला नंतर कळलं. माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका कंपनीत आहे, त्याला विचारलं. काही पावसाळ्यांपूर्वी कुंभार्ली घाटात रस्त्याची कड खचली आणि लाल तार गेली. घाटात पुन्हा खोदायला परवानगी मिळेना. तेव्हा लाल तार कोयनेहून उलटी फिरवली आणि पाटण रस्त्याच्या कडेनं निळीच्याच चरात शेजारी टाकली. तात्पुरती. आणि तात्पुरती असल्यामुळं नकाशात बदल केला नाही. आपल्याकडं तात्पुरतं म्हणजे काय हे मला सांगायला नको होतं. मी स्वतः कॉलेजात कित्येक वर्षं तात्पुरता होतो. दोन्ही वाटा एकाच चरात, एकीला दुसरी लागून झोपलेल्या, आणि कोयनेतले सगळ्या कंपन्यांचे फोन याच दोन तारांवर चालायचे. त्या चरावर ती दरड आली. मी पुन्हा पुन्हा तोडत होतो ती निळी रेघ होती, आणि वाचत होती तीही रेघच. जमिनीत दुसरी वाट नव्हतीच.

कराडला ऑपरेशन झालं. हाड जुळलं म्हणतात, पण आई पूर्वीसारखी चालली नाही. तिला सांगलीला आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणली. घराला कुलूप लावायला ताई गेली. परत येऊन तिनं किल्ली माझ्या हातात दिली आणि एका शब्दानं बोल लावला नाही. कढीभाताचंही काही म्हणाली नाही. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आई दिवसभर खिडकीपाशी बसून राहायची. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. जेवायला दिलं तर जेवायची, विचारलं तर बोलायची. शेजारच्या बायका भेटायला आल्या की त्यांच्यापुढं हसायची. त्या गेल्या की ते हसूही जायचं. मला घरी यावंसं वाटेना आणि कॉलेजात बसवेना.

सरांना मी सगळं सांगितलं. म्हटलं, माझ्या निकालांना अर्थ उरलेला नाही, दोन वाटा धरल्या होत्या, एकच निघाली. सर मनानं वाईट नाहीत. त्यांचं निवृत्तीचं वर्ष जवळ आलं होतं आणि हाताखालचा मी शेवटचा उरलो होतो. ते म्हणाले, "नकाशा तू काढलास का? दिला त्यांनी. परीक्षक काय कुदळ घेऊन येणार आहेत?" मी प्रबंध सादर केला. आता त्याचं करायचं तरी काय होतं?

तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले होते. कोयनेचं प्रकरण त्यांना फार आवडलं. स्थानिक प्रश्नाशी जोडलेलं संशोधन, असं ते दोनदा म्हणाले. मग मला राहवलं नाही. न विचारता मी चराचं सांगितलं, दरडीचं सांगितलं. सर खाली बघत होते. परीक्षकांनी शांतपणे ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "छान मुद्दा आहे. शेवटच्या प्रकरणात, पुढील संशोधनाच्या दिशा आहेत ना, तिथं दोन ओळी टाका." मग टाळ्या झाल्या, चहा आला, कचोऱ्या आल्या, मला डॉक्टर म्हणून हाक मारली गेली. माझ्या आईचं खुब्याचं हाड दोन ओळींत बसलं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण मी सगळ्यांचे आभार मानले आणि फोटोला उभा राहिलो.

घरी जाताना रीत म्हणून पेढे घेतले. आईच्या पाया पडलो, तिच्या हातावर पेढा ठेवला. तिनं विचारलं, अभ्यास संपला का. म्हटलं, संपला.

"मंजी आता कुटं बी तुटलं तरी दुसरीकडनं फोन लागतोय. आसंच न्हवं का त्ये?"

मी म्हटलं, तसं लिहिलंय.

तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी हललं. वॉकरवर एक हात ठेवून ती जरा पुढं सरकली. "मग मला कोयनेला सोड की रं. जिना न्हाई तितं, चालीन मी हळूहळू. हललं की फोन करीन."

मला हो म्हणता आलं असतं. ताईला मनवता आलं असतं, शेजारणीला सोबत सांगता आली असती. पण त्याच आठवड्यात मी माझ्या विद्यार्थ्याला पुन्हा विचारलं होतं. तुटलेल्या तारा जोडल्या होत्या. दोन्ही. त्याच चरात, त्याच दरडीखाली. घाटातल्या वाटेचं काम मंजुरीसाठी गेलं होतं.

"न्हाई लागायचा, आई," मी म्हणालो.

तिनं पेढा तसाच मुठीत धरला होता. आवाज न चढवता तिनं विचारलं, "मग तवा लागंल म्हनून का म्हनलास?"

सकाळपासून मी सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली होती. आता मी पेढ्यांचा पुडा पुन्हा बांधत बसलो.