नसीमचा मतलई वारा

इरफानचा फोन आला तेव्हा मी डाळ निवडत बसले होते. "खाला, अम्मी गेली," एवढंच बोलला पोरगा, आणि मी म्हणाले, "बरं." पस्तीस वर्षांपासूनची मैत्रीण गेल्याचं कळतं आणि माझ्या तोंडातून काय निघतं, तर बरं! फोन ठेवला, उरलेली डाळ निवडून संपवली आणि मगच उठले. माझ्या जिभेचं हे असंच आहे. जिथं चार शब्द चांगले बोलायचे तिथं ती अडते, आणि जिथं गप्प बसायचं तिथं मोकाट सुटते. या गोष्टीला आता दीड महिना झाला. शोकसभेत सगळे नसीमबद्दल भरभरून बोलले, मीही बोलले. तिथं जे बोलले नाही ते इथं लिहिते आहे. वाचून मला शिव्या घातल्या तरी चालेल.

नसीम शेख आणि मी लोह्याच्या एकाच शाळेत शिकवायचो. तिचा भूगोल, माझं गणित. पोरं मला घाबरायची आणि तिच्या मागं मागं हिंडायची. मला ते सहन व्हायचं नाही. आज लिहिते, तेव्हा कबूल केलं नसतं. वाऱ्यांचा धडा आला की ती दोन पराती मांडायची, एकीत वाळू, दुसरीत पाणी, आणि मधे उदबत्ती. दिवसा समुद्राकडून जमिनीकडं येतात ते खारे वारे, रात्रीपासून पहाटेपर्यंत जमिनीकडून समुद्राकडं जातात ते मतलई वारे. हे ती असं सांगायची, की लोह्याच्या पोरांना समुद्र शाळेच्या कुंपणामागंच आहे असं वाटावं. फूटपट्टीच्या टोकाला एका मुलीची वेणीतली लाल रिबीन बांधलेली असायची, वाऱ्याची दिशा दाखवायला. उदबत्तीचा धूर मात्र दर वर्षी खिडकीकडंच जायचा. एकदा मी भर स्टाफरूममध्ये म्हणाले, "जिनं गोदावरीपलीकडं पाणी पाहिलं न्हाई, ती समुद्र शिकवून राहिली!" सगळे हसले. नसीमही हसली, आणि डबा अर्धा ठेवून तासाला गेली.

खरंच तिनं समुद्र पाहिला नव्हता. नवरा लवकर गेला, सासू अंथरुणाला, इरफान लहान. कुठून जाणार? सेवानिवृत्तीच्या दिवशी तिनं माझा हात धरला. "विजू, एकदा मला समुद्रावर ने. मला बाकी काही बघायचं न्हाई. मतलई वारा सुटला की रिबीन समुद्राकडं वळते का, तेवढं डोळ्यांनी बघायचंय. उभा जन्म पुस्तकात हाय म्हणून शिकवलं गं."

त्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही निघालो. नांदेड, लातूर, सोलापूर, कोल्हापूर अशा एसट्या बदलत रत्नागिरीला पोचलो. ती फूटपट्टी तिच्या मांडीवर. लातूरच्या स्टँडवर तिनं खिडकीतून रिबीन बाहेर धरली, तर मी म्हणाले, "आत घे, लोक बघून राहिले." रत्नागिरीत उतरलो आणि वाऱ्यानं पदर डोक्यावरून उडाला. समुद्रात कुठंतरी दूर वादळ होतं. होड्या ओढून घेतलेल्या, किनाऱ्यावर लाल झेंडा, आणि एक पोलीस शिट्टी मारून लोकांना मागं हटवत होता. चार दिवसांसाठी आलो होतो.

दुसरी कुणी रडली असती. नसीमनं लॉजवर चहा मागवला आणि वहीत मथळा घातला, वारा असताना समुद्राकाठच्या गावात करायच्या गोष्टी. मास्तरीणच ती! आणि एकेक करून तिनं सगळ्या केल्या, मला फरफटत नेऊन. मासळीबाजारात कोळणी छपरावरच्या प्लास्टिकला दगड कसे बांधतात ते बघितलं. वाचनालयात बसून शहराचा जुना नकाशा उतरवून घेतला. वाऱ्याकडं पाठ करून बाजाराचा चढ चढली, म्हणे फुकट ढकलतो. दारं लावून घेतलेल्या टपरीत गरम भजी खाल्ली, आणि तिथल्या म्हाताऱ्याला विचारलं, "दादा, वारं कधी पडंल?" तो म्हणाला, "त्याचं त्यालाच ठाऊक." हेही तिनं वहीत लिहिलं. मी प्रत्येक ठिकाणी कुरकुरत होते. आणि रोज सकाळ-संध्याकाळ, पहाटेसुद्धा, लॉजच्या बाल्कनीत ती फूटपट्टी बांधलेली. रिबीन सदानकदा जमिनीकडं तोंड करून ताठ. "वादळामुळं," ती म्हणायची. "वादळ नसतं तर वळली असती."

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या खोलीत एक तरुण येऊन तिच्या पाया पडला. लोह्याचाच, तिचा विद्यार्थी, बायको-पोराला घेऊन फिरायला आलेला. मला त्यानं ओळखलं नाही. मीही त्याला तीन वर्षं शिकवलं होतं! बायकोला सांगत होता, "खारे वारे, मतलई वारे... मॅडमनी शिकवलेलं अजून पाठ हाय." नसीमचा चेहरा उजळला, ते मला बघवलं नाही. मी म्हणाले, "पाठ हाय ना? मग वर बाल्कनीत जाऊन रिबीन बघ. तीन दिवस झाले, समुद्राकडं वळायला तयार न्हाई. तुझ्या मॅडमनी जन्मभर खोटं शिकवलं."

तो हसला. बायको हसली. लहान पोरगं आईचं बघून हसलं. नसीमनं ताटातला भात गोळा केला, परत पसरवला. "विजूचं बोलणं असंच हाय," ती त्याला म्हणाली.

चौथ्या दिवशी आमची परतीची गाडी. पहाटे मला जाग आली ती शांततेनं. वारं पडलं होतं. बाल्कनीत गेले. उजाडत होतं, पाठीमागच्या डोंगराकडून गार झुळूक येत होती... आणि रिबीन समुद्राकडं वळली होती. हळू हळू हलत होती, पण समुद्राकडंच. ती पराती मांडून सांगायची अगदी तसं. दार उघडं होतं. आत नसीम उशीत तोंड खुपसून झोपलेली, माझ्यापासून चार पावलांवर. नुसतं "नसीम" म्हणायचं होतं.

मी म्हणाले नाही. काल सगळ्यांसमोर बोलले होते, आता ते परत कोण घेणार? मी रिबीन सोडली, फूटपट्टीला गुंडाळली, पिशवीत घातली, आणि मग तिला हलवलं. "ऊठ, एसटी चुकंल." ती दचकून उठली, पहिल्यांदा बाल्कनीकडं बघितलं. "कशी होती गं आज?" मी म्हणाले, "तशीच."

पुढं सहा वर्षं ती दर दिवाळीला म्हणायची, चल ना परत. मी म्हणायचे, गुडघे. घरी मुलींना फुकट शिकवायची, त्यात तो धडा आला की म्हणायची, "हा शाळेत शिका गं, माझा पाहिलेला न्हाई."

यंदा उन्हाळ्यात तिला दम लागायला लागला. नांदेडच्या दवाखान्यात ठेवलं. इरफाननं मला दाराबाहेर गाठून सांगितलं, "खाला, फार दिवस न्हाईत. अम्मीला काही माहीत न्हाई, तुम्हीही बोलू नका." मी आत गेले. नाकात नळी, तरी मला बघून हसली. माझ्याच्यानं राहवलं नाही. तिच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. ती पहाट, रिबीन, माझं गप्प बसणं. म्हणाले, "नसीम, तू खरं शिकवलंस. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. चेहऱ्यावरचं हसू कमी कमी होत गेलं.

"विजू," ती म्हणाली, "किती दिवस सांगितलेत डॉक्टरांनी?"

"अगं, तसं न्हाई, खरंच वळली होती..."

"तू कधी माझ्याशी असं बोललीस का? आज बोलून राहिलीस, म्हंजे मी चालले." आणि तिनं भिंतीकडं तोंड केलं.

मी शपथ घेतली. माझ्या पोराची घेतली, देवाची घेतली. ती म्हणाली, "राहू दे. बरं वाटलं." तिला बरं वाटलं नव्हतं. इरफान नंतर म्हणाला, त्या दिवसापासून अम्मीनं पेजसुद्धा नको म्हटली. तुम्ही काय बोललात, असं त्यानं विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

तिचा चाळिसावा दिवस झाल्यावर इरफान ती फूटपट्टी घेऊन माझ्या घरी आला, लाल रिबिनीसकट. "अम्मीनं सांगितलं होतं, विजूला दे. म्हणावं, एकदा जाऊन खरंच बघून ये. अन् काय असंल ते येऊन मला सांग, पण या वेळी गोड बोलू नको."

मी कब्रस्तानाच्या भिंतीपर्यंत जाऊन आले. काय सांगू? बघून तर मी सहा वर्षांपूर्वीच आले आहे. फूटपट्टी माझ्या खोलीत खिडकीच्या गजाला बांधली आहे. पंखा लावला की रिबीन हलते, म्हणून या उकाड्यात मी पंखा बंद करून बसते.