ग्रेडरभाऊंचं बोट

ग्रेडरभाऊ डोळे मिटून बघायचे. वांगी घ्यायची तर डोळे मिटून, शर्टाचं कापड घ्यायचं तर डोळे मिटून, आणि कापसाची प्रत लावायची तर डोळे मिटूनच. चिमूटभर कापूस अंगठ्यात नि बोटात धरून ओढायचे, पुन्हा जोडायचे, पुन्हा ओढायचे, आणि म्हणायचे, "पहिली." नाहीतर, "दुसरी." की झालं. मारेगावच्या अलीकडं आमचं गाव, गावाबाहेर कापसाचं खरेदी केंद्र, आणि तिथं प्रत लावणारे हे ग्रेडर. आमच्या समोरच्या खोलीत भाड्यानं राहायचे, जेवायचेही आमच्याकडंच. बायको वारलेली, एकुलती एक मुलगी लग्न होऊन पुण्याला. त्यांचं खरं नाव आठवायला मला आजही जरा वेळ लागतो.

हातांना ते फार जपायचे. गरम पातेलं उतरवणार नाहीत, कांदा चिरणार नाहीत, विहिरीचा दोर ओढणार नाहीत. मी चिडवायची, "भाऊ, तुमची बोटं काय नव्या नवरीची हायेत?" ते शांतपणे म्हणायचे, "वैनी, सरकारनं मले नाई, या दोन बोटाईले नोकरी देल्ली. मी तं त्याईले फक्त उचलून नेतो." चहाचा स्टीलचा पेलासुद्धा रुमालात धरून प्यायचे.

आणि माणूस सरळ. एकदा आमचा कापूस मी स्वतः बैलबंडीवर बसून केंद्रावर नेला. सकाळी माझ्या हातची पोळी खाऊन गेलेला माणूस, पण डोळे मिटले नि म्हणाले, "दुसरी." मी म्हटलं, "काहून भाऊ, वरण आळणी झालतं का?" रांगेतले सगळे हसले. ते हसले नाहीत. "बोट सांगते ते मी बोलतो, वैनी." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्याच्यापुढं कोणी वाद घालत नसे.

माझ्यामागं सुभाबाईची बंडी होती. नवरा गेल्यावर एकटीनं वावर सांभाळणारी बाई. तिलाही दुसरी लागली. ती म्हणाली, "भाऊ, एकाच वावरातला, एकाच दिवशी येचलेला हाये हा. काल अर्धा माल दिरानं आणला, त्याले तुमी पहिली देल्ली. आज मले काहून दुसरी?"

"बोट सांगते ते मी बोलतो."

सुभाबाई बैलाचा कासरा धरून वजनकाट्याकडं गेली. मला तेव्हा तिचाच राग आला होता, खरं सांगते. एवढ्या सरळ माणसाला विचारते कशी, असं वाटलं.

ती वर्षंच कापसाची वाईट होती. हवा तेव्हा पाऊस नाही, बोंड फुटलं की पाऊस, आणि झाडावर अळी. आज या गावातलं कोणी फवारणीचं औषध प्यालं अशी बातमी यायची, उद्या त्या गावातलं. पहिल्या पहिल्यांदा मी रडायची. मग काय झालं कोण जाणे, कोणाच्या घरी काय झालं ते ऐकता ऐकता मी चहा गाळायला लागले, आणि एक थेंब बाहेर सांडत नसे. गावात मोठ्यानं बोलायचं लोकांनी सोडून दिलं होतं. भाऊही जेवताना बोलत नसत. पोळी वाढली की हात आडवा करायचे, तेवढंच.

त्यातल्याच एका पावसाळ्यात, केंद्र बंद असताना, पुण्याहून पार्सल आलं. जावई कंपनीच्या कामानं जपानला गेला होता, त्यानं आणलेला खोका मुलीनं पाठवला होता. चिठ्ठीत लिहिलं होतं, "बाबा, पावसाळ्यात तुमची बोटं गंजतील. हे जोडत बसा." आत रोबोट, पण सुटा. प्लास्टिकच्या चौकटी आणि त्यांना लटकलेले तुकडे, झाडाला चिंचा लटकाव्यात तसे. काही बोटाच्या पेराएवढे, काही मुगाच्या डाळीएवढे. कागदावर सगळं जपानी, ओळखीचे फक्त आकडे आणि चित्रं.

भाऊंनी ओसरीवर सतरंजी टाकली आणि कामाला बसले. डिंक लागत नव्हता, खाचेत खाच बसायची. नेलकटरनं तुकडा कापायचा, कापल्या जागी बारीक टोक राहायचं, ते काचपेपरनं घासायचं, आणि मग डोळे मिटून बोट फिरवायचं. गुळगुळीत लागलं की बाजूच्या ताटलीत. छातीवर केसाएवढ्या रेघा होत्या, त्यांत पेननं काळी शाई भरून वरची पुसून काढायचे. डोळ्याच्या जागी तिळाएवढा हिरवा कागद चिमट्यानं चिकटवायचा होता, त्यात एक अख्खी दुपार गेली.

येणारे-जाणारे थांबायचे. शेजारची कमळाबाई म्हणाली, "भाऊ, हा चालते का?"

"नाई."

"बोलते?"

"नाई."

"मंग कायले बनवून राह्यले?"

"उभा राह्यते."

"म्हंजे आमच्या जावयासारखाच हाये," कमळाबाई म्हणाली. पुष्कळ दिवसांनी आमच्या ओसरीवर कोणी हसलं.

त्या दिवसांत भाऊ चहाचा पेला रुमालाशिवाय धरायला लागले होते. मी ते पाहिलं होतं. पाहिलं, आणि त्याचं काही वाटलं नाही.

एका दुपारी मी त्यांच्याजवळच वाती वळत बसले होते. मांडीवर कापूस, बोटांना कापूस. भाऊंनी रोबोटच्या खांद्याचा पांढरा तुकडा घासला, डोळे मिटून बोट फिरवलं आणि माझ्या हातात दिला. "पाहा वैनी. काचेसारखा." मी घेतला, तर कापसाचा एक तंतू त्याच्या कडेला अडकून लोंबायला लागला. मी हसून म्हटलं, "भाऊ, तुमची काच तं कापूस धरते."

त्यांनी तुकडा परत घेतला. बोट फिरवलं. तंतू काढला, पुन्हा बोट फिरवलं. मग माझ्या मांडीवरचा चिमूटभर कापूस उचलला आणि ताटलीतला एक एक तुकडा त्यावरून ओढायला लागले. एकही सुटला नाही. पांढरा, निळा, लाल, प्रत्येकाला केसभर कापूस. मी बोट लावलं तर मला खरखर लागत होती, साधी, कोणालाही लागेल अशी.

भाऊ म्हणाले, "वैनी, एक चांगला पुंजका द्या, एक कवडीचा. कोनता कोनता ते सांगू नका." कवडी म्हणजे किडका, डागाळलेला कापूस. वातीतून वेचून टाकलेला माझ्यापाशी होताच. त्यांनी डोळे मिटले. मी एका हातात चांगला दिला, दुसऱ्यात कवडीचा. ओढला, जोडला, ओढला. बराच वेळ ओढत राहिले. मग कवडीचा हात पुढं करून म्हणाले, "हा पहिली. बरोबर?"

मी म्हटलं, "बरोबर."

त्यांनी डोळे उघडले. हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तुमीबी, वैनी?" एवढंच म्हणाले. आणि मग रोबोटकडं बघत, "म्हंजे सुभाबाईचं खरं होतं."

साखरेचा आजार त्यांना होताच. दाखवायला गेले तर डॉक्टर म्हणाले, साखरेनं बोटांतली जाण जाते, हळूहळू जाते, माणसाला कळत नाही. भाऊंनी विचारलं, "कवापासून गेली असन?" डॉक्टर म्हणाले, ते कोण सांगणार.

दिवाळीनंतर केंद्र उघडणार होतं. भाऊंनी वर खरं ते लिहून कळवलं. उत्तर आलं, माणूस नाही, एवढा हंगाम काढा. आमचे हे म्हणाले, "भाऊ, डोळ्यानं पाहून प्रत लावा, कोनाले समजते?" भाऊ म्हणाले, "लोकं माह्या बोटापुढं गप्प बसतेत, दादा. डोळ्यापुढं नाई. त्याईले आता फसवू कसा?" आणि नोकरी सोडली.

जाण्याआधी त्यांनी रोबोट पुरा केला. तुकडे सोडवले, पुन्हा घासले, आणि आता बोट न लावता कापसावरून ओढून बघायचे. तंतू अडकेनासा झाला की मगच जोडायचे. रोबोट वीतभर उंच, डोक्यावर दोन पिवळी शिंगं, जपानातल्या कारखान्यालाही जमला नसता असा साफ. फक्त तो खांदा त्यांनी तसाच खरखरीत ठेवला.

मग एक दिवस सुभाबाईकडं जाऊन आले. मी विचारलं, "काय म्हणे?"

"मी समदं सांगतलं. थे म्हने, बरं भाऊ. च्या घेता का?"

"मंग?"

"घेतला च्या." भाऊ खाली बसले. "दोन शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं, वैनी. तिच्यातबी काईच उरलं नाई."

दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं ते पुण्याला गेले. रोबोट माझ्या हातात देऊन म्हणाले, "हा तुमच्यापाशी राहू द्या. खांद्याले बोट लावत जा मधूनमधून." मला वाटलं, धूळ पुसायला सांगतात. दोन वर्षांनी मुलीचं पत्र आलं, बाबा गेले. मी ते वाचलं, घडी घातली, आणि चहा गाळायला उठले. गाळला. एक थेंब सांडला नाही. मग एकदम भीती वाटली, आणि मी तशीच कोनाड्याकडं गेले.

रोबोट उभाच होता. मी डोळे मिटले आणि खांद्यावर बोट फिरवलं. सुईच्या टोकाएवढं काहीतरी खरखरलं.

अजून दर दिवाळीच्या वाती वळायला बसण्याआधी मी ते बोट लावते. अजून लागतं.