चंदगडची हाक

आण्णा माणसांपेक्षा गावांना जास्त हाका मारायचे. सकाळी सर्व्हरच्या खोलीबाहेर चपला काढून आत शिरायचे, संगणकावर एक ओळ टाइप करायचे आणि पडद्याकडे बघत म्हणायचे, "आजरा, ओ दे." लांबच्या शाखेला संदेश धाडून उत्तर किती वेळात येतं ते बघायची ही साधी तपासणी, आण्णांच्या लेखी ती हाक होती. आजरा ओ द्यायचं, हातकणंगले तर लगेच. चंदगड डोंगरातलं, जरा उशिरा द्यायचं, पण द्यायचं.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. कोल्हापुरातल्या आमच्या सहकारी बँकेच्या शाखा नुकत्याच एकमेकींना जोडल्या होत्या. आण्णा त्या खात्याचे प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखाली. त्यांचा आवाज मोठा, जीभ तिखट. पण चंदगडचा फोन आला की गडी विरघळायचा. पेन्शनच्या दिवशी तिथं वाड्यावस्त्यांवरून म्हातारी माणसं एस.टी.नं यायची. यंत्र अडखळलं की परतीच्या गाडीची वेळ व्हायची आणि ती तशीच उठून जायची. "म्हातारी रिकाम्या हातानं गाडीत बसली, तर माझ्या खुर्चीला काय अर्थ हाय?" आण्णा म्हणायचे. असं झालं की त्यांचा डबा न उघडताच घरी परत जायचा.

खंडेनवमीला मात्र त्यांचा थाट बघावा. सर्व्हरला झेंडूचा हार. मागच्या बाजूला शाखांच्या वायरी खोचलेल्या खाचा होत्या. एकेका गावाचं नाव घेत ते प्रत्येकीला अनामिकेनं ओलं कुंकू लावायचे. चंदगडला जरा जास्तच. ते कुंकू पुढच्या दसऱ्यापर्यंत पुसायचं नाही, त्या जागेवर फडकंही फिरवायचं नाही, असा त्यांचा दंडक होता.

एका दसऱ्यानंतर चंदगड मंदावलं. मग मंदच राहिलं. टेलिफोनवाले शपथेवर सांगत होते की लाइन ठीक आहे. आण्णा स्वतःच्या रेनकोटात नवं यंत्र गुंडाळून चंदगडला गेले, तिकडचं सगळं बदलून आले. इकडची वायरही नवी आणून त्याच खाचेत बसवली. काही उपयोग झाला नाही. पाऊस लागला की चंदगड पार गप्प व्हायचं, म्हणून सगळ्यांनी पावसालाच दोष दिला, आण्णांनीही. पेन्शनच्या दिवशी ते पडद्यासमोर बसून हाका मारत राहायचे. त्यांचा आवाज बारीक होत गेलेला मी ऐकला आहे.

शेवटी संचालकांनी काम पुण्याच्या एका कंपनीला दिलं आणि आण्णांना स्टेशनरी विभागात बसवलं. जाता-येता ते दारातून विचारायचे, "दिली का ओ?" मी नाही म्हणून मान हलवायची.

कंपनीचा इंजिनिअर आला. त्यानं चंदगडची वायर काढली आणि खाचेत कापसाचा बोळा फिरवला. बोळा लाल झाला. आत कुंकू साचून बारीक तारा गंजल्या होत्या. हवेत ओल आली की ते भिजायचं. वायर शेजारच्या रिकाम्या खाचेत घातली आणि चंदगडनं लगेच ओ दिली.

मी धावत आण्णांकडे गेले. लाइन चांगली होती, यंत्रं चांगली होती, तुमचं काम चोख होतं, असं भराभर सांगत सुटले. कुंकवापाशी आल्यावर माझीच जीभ अडखळली. आण्णा आपल्या बोटाकडे बघत होते.

"म्हंजे मीच की," ते म्हणाले. "त्या म्हाताऱ्यांना मीच माघारी धाडलं."

मी बरंच समजावलं. त्यातलं काहीच त्यांच्यापर्यंत पोचलं नाही.

त्यांनी लवकर निवृत्ती घेतली आणि हातकणंगल्याला घरी राहिले. दरवर्षी सोनं द्यायला मी जायची. अंगणात स्कूटर, विळे, मोटर सगळं धुतलेलं असायचं, पण कोरडं. कशालाही कुंकवाचं बोट लागलेलं नसायचं. "चंदगड बोलतंय न्हवं?" एवढंच ते विचारायचे. बोलतंय म्हटलं तरी चेहरा उजळायचा नाही. असे काही दसरे गेले, मग आण्णाही गेले. त्यांच्या शेवटच्या दसऱ्याला काकू मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या होत्या आणि हळूच म्हणाल्या होत्या, "देवाला बी आता लांबनंच फूल टाकत्यात, पोरी. हात लावत न्हाईत."